वाचलेला डबा

कारखान्यातला बॉयलर फुटून सहाजण गेले. बाहेर नळावर गेलेला माझा नवरा तेवढा वाचला. तेव्हापासून लोकांची रीघ लागलीय. "देवानं तुम्हालाच निवडलं," म्हणतात. हे नुसते हात जोडतात. मी मात्र यांचा डबा पुन्हापुन्हा घासतेय. जेवण गरम राहावं म्हणून सगळे आपापले डबे सकाळीच बॉयलरवर ठेवायचे. वीस वर्षांत यांनीही कधी चुकवलं नाही. सहाजणांच्या डब्यांचा चेंदामेंदा झाला. यांच्या डब्याला साधा पोचा नाही. शेवटी विचारलंच, "तुम्हाला देवानं निवडलं, कबूल. डब्यालाही त्यानंच बाहेर काढलं?" हे पुटपुटले, "सकाळी बॉयलरचा आवाज वेगळा वाटला. सांगितलं असतं आणि काहीच झालं नसतं, तर हसले असते सगळे." तेवढ्यात गेलेल्यांतल्या एकाची बायको लेकीला घेऊन दारात आली. "वहिनी, हिला भाऊजींचा आशीर्वाद हवाय." मी डबा फडक्याखाली दडवला.