नाही आणि माहीत नाही

साहेबांनी ‘अ‍ॅलर्जी नाही’ आणि ‘अ‍ॅलर्जी माहीत नाही’ या दोन ओळींभोवती पेन्सिलीने गोल केला. “एकाच अर्थाचे दोन शब्द. एक उडवा.”

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर डॉक्टर जे शब्द निवडतात, ते तपासणं हे बाईंचं काम. अकरा वर्षं त्या तेच करत होत्या. सगळे त्यांना शब्दवाल्या बाई म्हणायचे. साहेब नवे विभागप्रमुख. याआधी त्यांच्याकडे पार्किंग होतं, आणि रोगांच्या यादीकडेही ते वाट अडवून उभ्या राहिलेल्या गाड्यांसारखंच बघत.

“अर्थ एक नाही, साहेब. ‘नाही’ म्हणजे पेशंटला विचारलंय. ‘माहीत नाही’ म्हणजे विचारलेलंच नाही.”

“तुम्ही फार कीस पाडता, बाई. शुक्रवारी तपासणी पथक येतंय. दुबार शब्द दिसले की मार्क कापतात.”

बाईंनी विरोध लेखी दिला. साहेबांनी तो न वाचताच फाइलला लावला आणि स्वतःच्या हाताने बटण दाबलं. ज्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, असे नऊ हजार पेशंट एका क्षणात ‘अ‍ॅलर्जी नाही’मध्ये गेले. पथकाने शंभरपैकी अठ्ठ्याण्णव दिले. साहेबांनी प्रमाणपत्र फ्रेम करून खुर्चीमागे टांगलं, बरोबर स्वतःच्या डोक्यावर.

तिसऱ्या आठवड्यात रस्त्यावर पडलेली एक म्हातारी बेशुद्ध अवस्थेत आली. पिशवीतल्या हॉस्पिटलच्या कार्डावरून सापडलेल्या तिच्या जुन्या नोंदीत ‘अ‍ॅलर्जी नाही’ होतं. नर्सने ते वाचलं आणि अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांत म्हातारीचा चेहरा सुजला, श्वास कोंडला. नर्स तिच्यापाशीच थांबली होती म्हणून जीव वाचला. दोन दिवस मशीनवर काढले तिने.

साहेब भेटायला गेले ते बाईंना सोबत घेऊनच. म्हातारीची मुलगी आईच्या पायावर हात ठेवून उभी होती.

“हे बघा ताई,” साहेबांनी घसा साफ केला, “शब्दांच्या सुसूत्रीकरणात काही तांत्रिक मर्यादांमुळे…”

“आईला हे औषध सोसत नाही. गेल्या वर्षी डोळे दाखवायला आणलं होतं, तेव्हा कुणी विचारलंच नाही.” ती बाईंकडे वळली. “मग तुमच्याकडे ‘नाही’ आलं कुठून?”

“‘माहीत नाही’ असं लिहिलेलं होतं,” बाई म्हणाल्या. “ते पुसून आम्ही ‘नाही’ केलं.”

साहेब खाकरले.

मुलगी आता त्यांच्याकडे बघत होती. “माहीत नव्हतं, तर माहीत नाही म्हणायला तुमचं काय जात होतं?”

साहेब बाईंकडे किंचित झुकून हळूच म्हणाले, “यांना जरा नीट समजावून सांगा.”

“त्यांना समजलंय, साहेब,” बाई म्हणाल्या. मोठ्याने.