टकटक

मत्स्यालयातल्या कासवांच्या टाकीपाशी कुणी फिरकायचं नाही, असा ती कासवं वाढवणाऱ्या तिचा दंडक होता. माणसाला सोकावलेलं कासव समुद्रात सोडलं की आपल्या पायांनी मच्छीमाराच्या जाळ्यात जातं, हे सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला होता. खाणंसुद्धा ती पडद्याआडून नळीने सोडायची. कर्मचारी पाठीमागे तिला 'कर्फ्यूबाई' म्हणत. म्हणू देत.

आज तिने वाढवलेली ती सगळी कासवं बोटीतून समुद्रात सोडली. मागे वळून न बघता कासवं खोल पाण्यात निघाली, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

एवढ्यात सोबत आलेल्या मत्स्यालयाच्या संचालकांनी बोटीच्या कडेवर अंगठीने टकटक केलं. कासवं गर्रकन माघारी फिरली आणि तोंडं वर करून बोटीला चिकटली.

"तुम्ही घरी गेलात की देणगीदारांना टाकीपाशी आणायचो," संचालक कौतुकाने म्हणाले. "काचेवर असं वाजवायचं आणि कोळंबी टाकायची. बघा, किती लळा लागलाय."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हात खिशात घाला साहेब. पुन्हा वाजवलंत तर तुम्हालाही इथेच सोडून जाईन."

संचालकांनी मुकाट्याने हात खिशात घातला. ना टकटक, ना कोळंबी. कंटाळून कासवं पांगू लागली.

तेवढ्यात लांबच्या होडीतल्या मच्छीमाराने जाळं ओढायला वल्हं खाली ठेवलं. लाकडावर लाकूड वाजलं, टकटक, आणि सगळी कासवं तिकडे वळली.