दुसरं कडवं

वाशिंदच्या दीपेशचा रॉक बँड ज्या हळदीत वाजणार, तिथलं व्हिडिओ शूटिंग मी कधीच सोडत नसे. लोकांना नाचायची गाणी हवी असायची आणि हे तिघं स्वतः रचलेली म्हणायचे. माझ्या कॅसेटमध्ये नवरदेवापेक्षा ड्रमवालाच जास्त दिसतो, अशी तक्रार होती, आणि ती खरी होती.

मुरबाडच्या हळदीत त्यांनी तीन गाणी जीव तोडून म्हटली. मग नवरदेवाचा मामा पुढे आला. "माईक टेस्टिंग झालं ना रे पोरांनो? आता चालू करा!"

गिटार खोळीत घालून दीपेश माझ्याकडे वळला. "संपलं, ताई. आमची एक ओळ तरी कोणाला येते का? उद्यापासून बँड बंद."

त्याला धीर यावा म्हणून मी कॅमेऱ्याचा छोटा पडदा उघडून आत्ताचंच शूटिंग लावलं. गिटार लांब कुठेतरी कुरकुरत होती आणि तिच्यावर एक बाई खणखणीत, बेसूर गात होती. कॅमेऱ्याचा माईक माझ्याच तोंडाशी असतो, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं! मी घाईघाईने बंद करायचं बटण शोधू लागले.

"थांबा, थांबा!" दीपेशने माझा हात धरला. "हे दुसरं कडवं ना? इथं मी शब्द विसरून नुसतं ला-ला केलेलं. तुमी तर बरोबर म्हणताय!"

त्याने खोळ उघडली.

"चौथं गाणं घेतो, ताई. पण अशाच मोठ्यानं गा हां. परत विसरलो तर दुसऱ्या कोणाला विचारू?"