पुढच्या डाव्या चाकातला आवाज

रघूने ट्रक गॅरेजसमोर उभा केला आणि इंजिन चालूच ठेवून खाली उतरला. पुढच्या डाव्या चाकातून खडखड येतेय, वळणावर जास्त, असं त्याने सांगितलं. तो बोलत होता तोवर रशीद मिस्त्रीने त्याच्या ओठांवरची नजर काढली नाही. मग मान डोलावून तो चाकापाशी जाऊन उकिडवा बसला.

त्याला जवळपास काहीच ऐकू येत नव्हतं. चाकाचं सोडाच, डोक्यापाशी धडधडणारं इंजिनही गोधडीत गुंडाळून ठेवल्यासारखं लांब कुठेतरी वाजत होतं.

हे त्याने कुणाला कळू दिलं नव्हतं. कुवारबावच्या त्या गॅरेजात त्याची चौतीस वर्षं गेली होती. गाडी आवारात शिरली की हातातलं काम न सोडता तो सांगायचा, कुठल्या चाकाचं बेअरिंग गेलंय. चिपळूणहून लोक गाड्या आणायचे ते त्याच्या कानांसाठी. गेल्या दोन पावसाळ्यांत तेच कान मिटत गेले. तो ओठ वाचायला शिकला, बॉनेटवर तळवा टेकून इंजिनाची तब्येत ओळखायला शिकला. दाट मिशीवाली गिऱ्हाइकं आली की त्याला घाम फुटायचा. मुलीला, झरीनला, शंका आली होती. तिने दोनदा कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली आणि दोन्ही वेळा तो तिच्यावर चिडला. मला सगळं नीट ऐकू येतं, असं त्याने तिला सुनावलं. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

रघू बारा वर्षांचं जुनं गिऱ्हाईक. जांभ्याचे चिरे वाहायचा. उद्या गाडी भरून आंबा घाटातून कोल्हापूरला जायचंय, तो म्हणाला. मुलगी अक्षयाही बरोबर आहे, तिला तिथल्या वसतिगृहात सोडायचंय.

दोघे गाडी फिरवून बघायला निघाले. रघू चालवत होता, रशीद शेजारी. हातखंब्याच्या रस्त्याला एका वळणावर रघूने तोंड वळवलं.

"हा बघा, आला. ऐकलात काय?"

रशीदला पायाखालच्या पत्र्याची थरथर तेवढी कळली. ती तर सगळ्याच ट्रकांना असते.

"ऐकला," तो म्हणाला.

रघूने तोंड फिरवलं. समोर बघत त्याने गाडी माघारी आणली.

रशीदने जॅक लावून चाक उचललं. वर-खाली धरून हलवलं, मग दोन्ही बाजूंनी. जराही ढिलं नव्हतं. चाक उतरवलं, हब उघडला. बेअरिंग पुसून बोटांत फिरवलं, नखाने चाचपलं. कुठे खड्डा नाही, ओरखडा नाही. ब्रेकचा ड्रम, किंगपिन, कमानीचे पाटे, एकूण एक नट त्याने बघितला. सगळं जागच्या जागी. नवं ग्रीस भरून त्याने चाक बसवलं आणि रघूला एकट्यालाच चक्कर मारायला पाठवलं.

रघू परत आला. आवाज अजून येतोय म्हणाला. ब्रेक दाबला की येतो.

मघाशी हा वळणावर म्हणाला होता. की आपणच ओठ चुकीचे वाचले? रशीदला विचारायचा धीर झाला नाही.

त्याने चाक पुन्हा उतरवलं. दुपार कलली, डबा तसाच राहिला. दुसऱ्यांदाही काही सापडेना, तेव्हा त्याने हब चढवला आणि रघूला तो हाताने फिरवत ठेवायला सांगितलं. हाडातून तरी आवाज पोचावा म्हणून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक अॅक्सलला टेकवून त्याची मूठ कानामागे दाबली. मग मूठ दातांत धरली, डोळे घट्ट मिटले. तोंडात ग्रीसची चव आली, बाकी काही नाही. रघूकडे बघावं लागू नये म्हणून तो उगाचच नट पुसत बसला.

रघू त्याच्यासमोर येऊन बसला.

"मिस्त्री, तुम्ही जा म्हणालात तर मी उद्या गाडी भरतो. दुसऱ्या कुणाला दाखवत नाही. तुमचा शब्द मला बास."

जा, एवढं म्हटलं की सुटका होती. रघू गेला असता, गॅरेज उद्याही उघडलं असतं, पाटीवरचं नाव तसंच राहिलं असतं. रशीदच्या डोळ्यांसमोर घाटातलं वळण आलं. ड्रायव्हरच्या शेजारची सीट नेमकी या डाव्या चाकाच्या वर असते, आणि तिथे ती पोर बसणार होती.

"नेऊ नकोस," तो म्हणाला. आपण किती मोठ्याने बोलतोय हे त्याला कळत नव्हतं. "मला ऐकू येत नाही, रघू. सकाळपासून मी एकही आवाज ऐकलेला नाही. ऐकला म्हणालो ते खोटं. गाडी चिपळूणला यासीन मिस्त्रीकडे ने, त्याचे कान शाबूत आहेत. तोवर पोरीला हिच्यात बसवू नकोस."

बोलून झाल्यावर तो खाली बघत राहिला. चौतीस वर्षं त्या तेलकट जमिनीवर सांडून गेली होती, आणि ती आता कुणाला गोळा करता येणार नव्हती. रघू काही बोलला असेल तर तेही त्याला कळलं नसतं. वर बघायची त्याला हिंमत होत नव्हती.

रघूने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. रशीदने मान वर करेपर्यंत तो थांबला, मग ओठ नीट दिसतील इतका चेहरा जवळ आणून एकेक शब्द सावकाश बोलला.

"चाकात काही नाही, मिस्त्री. आवाज नव्हताच कधी. मला झरीनने पाठवलंय."