संध्याची प्रार्थना

भागी मोबाइल हातातून सोडेना.

इंग्रिडला आधी वाटलं, बाईला फोटोंची गंमत वाटतेय. वाडीवर आरोग्य शिबिर होतं. कशेळ्याच्या अनाथाश्रमातून जीप करून ती तिथल्या वनिता सिस्टरबरोबर इथवर आली होती आणि ओट्यावर बसलेल्या बायांना आश्रमातल्या मुलांचे फोटो दाखवत होती. बाया हसत होत्या. भागी हसली नाही. तिनं एका मुलीच्या गालावर बोट टेकवलं, तर फोटो सरकला आणि दुसराच आला. भागी घाबरली.

"कुठं गेली? आण ना गं माघारी."

इंग्रिडनं फोटो माघारी आणला. सात वर्षांची संध्या. नुकत्याच विंचरलेल्या वेण्या, उघडं तोंड.

"दात पडला वाटतं," भागी म्हणाली. मग बाजूच्या बाया सिस्टरकडे गेल्या, तशी आवाज खाली आणून म्हणाली, "माझी पोर हाय ती."

इंग्रिड विशीतली. नॉर्वेतल्या तिच्या गावच्या चर्चनं तिला वर्षभरासाठी त्या अनाथाश्रमात सेवेला पाठवलं होतं. देवाचं काम करायचं म्हणून ती आली होती आणि मन लावून करत होती. मुलींच्या वेण्या घालायची, खरजेला मलम लावायची, रोज थोडं थोडं मराठी शिकायची. संध्यावर तिचा विशेष जीव. ती पोर सहसा बोलायची नाही. पण संध्याकाळी सगळ्यांबरोबर गुडघे टेकून इंग्रिडनं शिकवलेलं वाक्य न चुकता म्हणायची, "देवा, माझ्या आईला तुझ्यापाशी सुखात ठेव." ते ऐकलं की इंग्रिडला वाटायचं, एवढ्यासाठी तरी आपण इतक्या लांब आलो ते बरं झालं.

आणि ती आई समोर उकिडवी बसली होती. तिच्या बोटांच्या भेगांत कोळशाचं काळं जन्माचं बसलेलं होतं.

"पण संध्याला कोणी नाही, असं सगळे..." इंग्रिड म्हणाली.

मग भागीनं सांगितलं. नवरा वारल्यावर ती दोन्ही पोरांना घेऊन भट्टीवर जायची. दिवाळी सरली की सगळी वाडीच कोळसा पाडायला बाहेर पडते, ती पावसाच्या तोंडावरच परतते. सरकारी आश्रमशाळेत संध्याचं नाव होतं. पण सुट्टी लागली की तिथली पोरं घरी धाडतात, आणि घराला तर कुलूप. म्हणून सुट्टीत तीही भट्टीवर. अशाच एका सुट्टीत धाकट्याला ताप भरला. दवाखाना लांब. उचलून नेईस्तोवर पोर खांद्यावरच गार झालं. त्यानंतर भागीच्या भावानं, नागूनं, संध्याला या आश्रमात आणून सोडलं. इथं सुट्टीतही ठेवून घेतात, पण आईबाप नसलेल्यांनाच. म्हणून नागूनं सांगितलं, बाप गेला तशी आईही गेली. संध्यालाही त्यानं तेच सांगितलं. लहान पोर, तिच्या तोंडून कधी काय निघून जाईल याचा नेम नाही.

"तुम्ही माझ्याबरोबर चला, ताई," इंग्रिड म्हणाली. "आश्रमाच्या मोठ्या बाईंशी मी बोलते."

"काय करतील मोठ्या बाई? पोर माझ्या हातात देतील." भागी तिच्याकडे बघत राहिली. "पुढं?"

इंग्रिडच्या घरी, तिच्या चर्चमध्ये, कुठल्याही प्रश्नाला काहीतरी उत्तर असायचं.

"मी जित्ती हाय, हे तिला सांगू नको," भागी म्हणाली. "पाप लागायचं ते मला लागंल. एक तर गेलाच. ही तरी ऱ्हाऊ दे."

तिनं पदरानं मोबाइल पुसला, परत दिला आणि औषधाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पुन्हा तिनं इकडे पाहिलं नाही.

परतताना जीपमध्ये वनिता सिस्टरनं विचारलं, "तोंड का उतरलंय गं तुझं?"

"काही नाही," इंग्रिड म्हणाली.

आश्रमात सांगावं, तर पोरीचं छप्पर जातं आणि वाट भट्टीकडे जाते. न सांगावं, तर रोज संध्याकाळी त्या पोरीला जिवंत आईचं सुतक पाळायला बसवायचं, आणि तेही देवासमोर. वळणावळणाच्या रस्त्यावर तिनं मनातल्या मनात देवाला पुन्हा पुन्हा विचारलं. तिकडून काही आलं नाही. आश्रमाचं फाटक दिसलं तेव्हा तिनं एवढंच ठरवलं होतं, की इतर कुणाला नाही, पण संध्याला सांगायचं. आईची आठवण काढायची ती निदान खरी तरी असावी.

संध्याकाळी मुलांनी गुडघे टेकले. संध्यानं डोळे मिटून आपलं वाक्य म्हटलं. सगळ्यांनी आमेन म्हटलं. इंग्रिडच्या तोंडून ते निघालं नाही.

मुलं ताटं घ्यायला पळाली. संध्या मागं थांबली. तिनं इंग्रिडचा हात धरला.

"ताई, तू आमच्या वाडीवर गेलीवतीस ना आज?"

"हो." इंग्रिड तिच्यासमोर खाली बसली. "संध्या, ऐक. तुझी आई..."

संध्यानं पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहिलं. मग इंग्रिडच्या कानाशी आली आणि आजवर कधी बोलली नव्हती इतकं एका दमात बोलली.

"माहीत हाय मला. पावसाळ्यात दर बाजाराच्या दिवशी ती शाळेच्या रस्त्यावर उभी असती, तोंडावर पदर घेऊन. मी नाय बघत तिच्याकडं. बघितलं तर ती यायची बंद होईल."