पंचवीस मिली

"हळू. घाई नको, त्याला गिळू द्या," तनुजा सिस्टर म्हणाल्या.

रूपाने चोचीची वाटी बाळाच्या ओठांच्या कडेला टेकवली. परवा तिच्याच हातून घोट मोठा गेला होता आणि बाळ निळं पडलं होतं. तेव्हापासून ती वाटी थेंबाथेंबानेच कलती करायची.

सातव्या महिन्यातच जन्मलेलं बाळ सव्वीस दिवस या वॉर्डात होतं. सिस्टरांचा नियम सरळ होता. घरी जी पाजणार, तिने त्यांच्यासमोर तीनदा नीट पाजायचं आणि बाळाचं वजन वाढायला हवं, मगच सुट्टी. दोनदा जमलं होतं, ही तिसरी वेळ. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून.

शेजारच्या स्टुलावर रूपाच्या सासूबाई, आशाबाई, बसल्या होत्या. कानांवरून स्कार्फ घट्ट बांधलेला. एसी सोसत नाही म्हणायच्या. दर दोन तासांनी दूध घेऊन यायचं काम त्यांचं. पण पाजायचं म्हटलं की हात थरथरायचे. नाव बीपीचं, खरी गोष्ट भीतीची.

"आत्याबाई, आज तुम्ही पाजता का?" रूपाने मघाशी विचारून पाहिलं होतं.

"तूच पाज. मला नाय जमायचं."

"मला तरी कुठं जमत होतं?"

त्यावर आशाबाईंनी वाटी तिच्याकडेच सरकवली होती.

सकाळी पडेगावहून शेजारच्या गोजरबाई येऊन गेल्या होत्या. काचेतून बाळाला डोळे भरून पाहिल्यावर त्यांनी रूपाला धरलं.

"कळू बी दिलं नाय गं कुणाला. पोटसुद्धा दिसलं नाय तुझं."

"सातव्यातच झालं ना, काकू."

"नाक मातर तुझ्या नवऱ्याचं. हुबेहूब प्रणय."

"व्हय. आमच्या घरात सगळ्यांचं नाक एकच आहे."

आशाबाई तेवढा वेळ पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत आणि लावत बसल्या होत्या. गोजरबाई लिफ्टकडे वळल्या तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली.

वाटी संपली. पंचवीस मिली, एक थेंबही बाहेर नाही. रूपाने बाळाला खांद्यावर घेतलं, पाठ चोळली, आणि इवलासा ढेकर आला. सिस्टरांनी काट्यावर ठेवलं. एक हजार सहाशे पन्नास. कालपेक्षा तीस ग्रॅम जास्त.

"न्या घरी," सिस्टर म्हणाल्या.

रूपाला रडू आवरेना. सव्वीस दिवस ती या दोन शब्दांसाठी थांबली होती. डोळे पुसून तिने प्रणयला फोन लावला. तो चितेगावच्या कंपनीतून सुट्टी टाकून घरीच होता. मागून सासऱ्यांचा, बन्सीरावांचा, आवाज येत होता.

"शेगडी माळ्यावर टाकली म्हणावं. धुरी नाय द्यायची, सिस्टर म्हणल्या तसं. खिडकीची फट बी बुजवली."

बन्सीरावांनी सव्वीस दिवसांत वॉर्डाचं तोंड पाहिलं नव्हतं. पण आज पहाटेपासून झाडू त्यांच्याच हातात होता. माणूस कधी काय करील, सांगता येत नाही.

रूपाने गाऊनच्या आत बाळाला छातीशी धरलं होतं. रोज धरायची तसंच, ऊब मिळावी म्हणून. सिस्टर आशाबाईंसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आता तुम्ही घ्या. छातीशी धरताना हात थरथरला तरी चालतो."

आशाबाईंनी आपल्या गाऊनची नाडी सोडली. कानापर्यंत लाल झाल्या होत्या.

"लोक काय म्हणतील गं रूपा?"

"म्हणू द्या."

रूपाने बाळाला अलगद बाहेर काढलं, टोपी सारखी केली आणि त्याच्याकडे वाकून म्हणाली, "जा भावजी, आता तुमच्या आईकडं."