उबेचे आभार

हिंगोलीतल्या मुलींच्या वसतिगृहाच्या दक्षिण भिंतीवर काळे पत्रे बसवले. उन्हानं पत्रे तापणार, मागची गरम हवा खोल्यांत जाणार, वीज वाचणार. म्हणून आधीच्या विजेच्या शेगड्या उचलून नेल्या. उद्घाटन दणक्यात झालं आणि पोरी कुडकुडू लागल्या.

ऐश्वर्याला भेटायला आलेल्या तिच्या बापानं, सोनाजीनं, गृहपालबाईंना विचारलं, "खोल्या काहून गार हायेत?"

बाईंनी बाहेर बोट दाखवलं. पत्र्यांवर साहेबांच्या फोटोचा भिंतभर फ्लेक्स ताणला होता. 'लेकींना ऊब देणाऱ्या साहेबांचे जाहीर आभार.'

"काढा की मंग."

"साहेबांचा वाढदिवस होईस्तोवर हात लावायचा न्हाई म्हणलेत."

सोनाजी लेकीला घेऊन बाहेर भिंतीपाशी आला, बाजूला थुंकला. तिचे गारठलेले हात धरून त्यानं फ्लेक्सवरच्या साहेबांच्या गालावर टेकवले.

 

"शेकून घे बाई. तेवढंच तापलंय."